मिनी बाइकचे इंजिन बदलताना

अमेरिकेत मिनी बाइक या नावाने ओळखली जाणारी दुचाकी म्हणजे वाकवलेल्या पोलादी नळ्यांची चौकट, सहा ते आठ इंची रिमवरची दोन जाड चाके आणि त्यांच्यामध्ये एका सपाट पत्र्यावर चार बोल्टांनी आवळलेले, मुळात हिरवळ कापणाऱ्या किंवा पाणी उपसणाऱ्या यंत्रासाठी घडवलेले एका सिलिंडरचे इंजिन, एवढाच संसार असलेले वाहन होय. तिला बहुधा गिअरपेटी नसते, मागे सस्पेन्शन नसते, आणि जुन्या धाटणीची मिनी बाइक सपाटीवर ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या पुढे जात नाही. हा वेग अपुरा वाटला की जुने इंजिन उतरवून मोठे चढवायचे, हा तेथील घरगुती गॅरेजांमधला अर्ध्या शतकाहून जुना परिपाठ आहे. त्यामागे अशी समजूत असते की वेग इंजिनात साठवलेला असतो आणि इंजिन मोठे झाले की वेगही त्याच मापाने मोठा होतो. प्रत्यक्षात कमाल वेग हा इंजिनाची शक्ती व फेरे, स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या, दात्यांचे प्रमाण, टायरचा घेर आणि हवेचा विरोध या चौघांच्या हिशोबातून निघतो. इंजिन बदलणारा माणूस त्या हिशोबातील एकच आकडा बदलतो आणि उरलेले तीन त्याला नव्याने मांडावे लागतात.

लहान चाकांच्या मोटरसायकलींचा इतिहास दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे नेता येतो. ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली वेलबाइक ९८ सीसीच्या व्हिलिअर्स दोन-स्ट्रोक इंजिनावर चालत असे, घडी करून दंडगोल पेटीत बसवून विमानातून खाली सोडता येत असे आणि ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेग गाठत असे. अमेरिकेतील मिनी बाइकचे मूळ मात्र मोटारशर्यतींच्या मैदानात आणि घरामागच्या मोकळ्या जागेत आहे. मिशिगनमधील रे आणि लॅरी मिक्रिना या भावांनी १९५९च्या सुमारास लिल इंडियन या नावाने अशा गाड्या विकायला सुरुवात केली. ओहायोतील मॅन्सफिल्ड येथे मिकी रप यांनी गो-कार्टपासून सुरू केलेल्या कारखान्यातून पुढे अमेरिकेतील सर्वांत नावाजलेल्या मिनी बाइक बाहेर पडल्या. रप स्वतः शर्यतीचे चालक होते आणि १९६५च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत ते सहावे आले होते. या सर्व उत्पादकांनी स्वतःचे इंजिन बनवण्याचा खटाटोप केला नाही. मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन आणि विस्कॉन्सिनमध्येच इंजिने बनवणाऱ्या टेकम्सी या कंपन्यांची तीन ते पाच अश्वशक्तीची इंजिने त्यांनी आयती घेतली. या निवडीतच इंजिनबदलाचे बीज होते, कारण जे इंजिन गाडीसाठी म्हणून घडवलेलेच नव्हते ते काढून त्याच मापाचे दुसरे बसवण्यात कोणतीही अडचण उरली नाही.

ती जुनी इंजिने साइड-व्हॉल्व्ह प्रकारची होती, म्हणजे त्यांचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला, पिस्टनच्या शेजारी उभे असत. अशा रचनेत ज्वलनकक्ष पसरट होतो, मिश्रण पुरेसे दाबता येत नाही आणि आत येणाऱ्या हवेला वळण घेऊन सिलिंडरमध्ये शिरावे लागते, म्हणून सीसीच्या मानाने शक्ती कमी मिळते. होंडाने १९८३मध्ये जीएक्स मालिका बाजारात आणली तेव्हा व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर असलेली, कमी इंधन पिणारी आणि वर्षानुवर्षे टिकणारी रचना औद्योगिक इंजिनांसाठी रूढ झाली. या मालिकेतील जीएक्स २०० या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खालीवर होणारी चाल, ५४ मिमी आणि क्षमता १९६ सीसी आहे. पुढे चीनमधील अनेक कारखान्यांनी याच आराखड्यावर आधारलेली इंजिने अत्यंत स्वस्तात काढली. हार्बर फ्रेट या अमेरिकी दुकानसाखळीत मिळणारे प्रीडेटर २१२ हे त्यांपैकी सर्वांत परिचित असून त्याचा बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ५५ मिमी आहे. या वर्गातील अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या इंजिनांचा शाफ्ट बहुधा पाऊण इंचाचा, म्हणजे जुन्या पाच अश्वशक्तीच्या ब्रिग्जइतकाच असतो, त्यामुळे जुना क्लच नव्या इंजिनावर सरकवता येतो. महाराष्ट्रात पॉवर वीडरवर आणि पेट्रोलवरच्या पाणीपंपांवर दिसणारी लहान इंजिने बहुतांशी याच घराण्यातली आहेत, तेव्हा मराठी वाचकाला हे यंत्र परके वाटण्याचे कारण नाही.

आता मूळ हिशोब पाहावा. इंजिनाच्या शाफ्टवरील लहान स्प्रॉकेटला १० दाते आणि मागील चाकावरील मोठ्या स्प्रॉकेटला ६० दाते असतील तर इंजिनाच्या सहा फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो. यालाच सहास एक असे प्रमाण म्हणतात. या इंजिनांना कारखान्यातूनच मिनिटाला ३,६०० फेऱ्यांची मर्यादा घातलेली असते. ही संख्या मनमानी नाही, कारण अमेरिकेतील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची असते आणि दोन ध्रुवांच्या जनित्राला ती देण्यासाठी मिनिटाला नेमके ३,६०० फेरे घ्यावे लागतात. भारतात वीज ५० आवर्तनांची असल्याने येथील पेट्रोल जनित्रे ३,००० फेऱ्यांवर चालतात. ३,६०० फेऱ्यांच्या मर्यादेत चाकाला मिनिटाला ६०० फेरे मिळतात. जुन्या मिनी बाइकवरील सहा इंची रिमच्या टायरचा बाहेरचा व्यास साधारण १२.३ इंच, म्हणजे घेर सुमारे ९८ सेंटिमीटर असतो, आणि ६०० फेऱ्यांत ती गाडी मिनिटाला ५८९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३५ किलोमीटर जाते. इंजिन तीन अश्वशक्तीचे असो वा तेरा, फेरे ३,६००, प्रमाण सहास एक आणि टायर तोच राहिला तर वेग ३५च राहतो. हजारो लोकांनी नवे इंजिन बसवून पहिल्या दिवशी अनुभवलेल्या निराशेचे कारण या एका गणितात आहे: गाडी सुटताना जोमाने उसळते, चढ सहज चढते, पण सपाटीवर त्याच आकड्याला जाऊन थांबते.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक उत्साहवर्धक आहे. अलीकडच्या मोठ्या मिनी बाइकवर १९ इंच व्यासाचे जाड टायर येतात. त्यांचा घेर सुमारे १५२ सेंटिमीटर असल्याने तेच इंजिन, तेच फेरे आणि तेच सहास एक प्रमाण ठेवूनही गणिती वेग ताशी ५४-५५ किलोमीटरवर जातो. प्रमाण पाचास एक केले, म्हणजे मागचे स्प्रॉकेट ६०ऐवजी ५० दात्यांचे बसवले, तर तो ६५वर जातो. मात्र हा वेग कागदावरचा आहे आणि तो रस्त्यावर उतरण्यासाठी इंजिनाला पुरेशी शक्ती हवी. इंजिनबदलाला खरा अर्थ येतो तो येथे.

वेगाबरोबर शक्तीची मागणी कशी वाढते हे समजून घेतल्याशिवाय कोणते इंजिन पुरेल हे सांगता येत नाही. सरळ बसलेल्या स्वारासह मिनी बाइक हवेला जो विरोध सहन करते तो वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि शक्ती म्हणजे बल गुणिले वेग असल्याने लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजण्यासाठी आठपट शक्ती लागते. स्वार आणि गाडीचे मिळून १४० किलो वजन, सरळ बसलेल्या माणसाला शोभेल असा हवेचा विरोध आणि मऊ जाड टायरांचे बऱ्यापैकी घर्षण गृहीत धरले तर ताशी ५५ किलोमीटरला चाकापाशी साधारण तीन अश्वशक्ती, ६५ला साडेचार, ८०ला सात ते साडेसात आणि १००ला साडेतेरा अश्वशक्तीची गरज पडते. चेन आणि इंजिनापासून चेनपर्यंतच्या जोडणीत वाया जाणारा भाग यात वेगळा मिळवावा लागतो. होंडा आपल्या जीएक्स २००ची निव्वळ शक्ती ३,६०० फेऱ्यांना साडेपाच अश्वशक्ती सांगते. म्हणजे दोनशे सीसीच्या आसपासचे इंजिन कारखान्यातल्या मर्यादेत राहून ताशी ६५ किलोमीटरपर्यंत जेमतेम पोहोचते. त्यापुढे जाण्यासाठी दोन वाटा उरतात: त्याच इंजिनाचे फेरे वाढवून त्यातून अधिक शक्ती काढणे, किंवा मोठे इंजिन बसवणे.

पहिली वाट स्वस्त दिसते, पण ती धोक्याची आहे. फेऱ्यांना मर्यादा घालणारा गव्हर्नर म्हणजे इंजिनाच्या पोटात, तेलातच फिरणारे प्लॅस्टिकचे एक दातेरी चाक असते आणि त्यावर दोन लहान वजने बिजागरीने जोडलेली असतात. फेरे वाढले की ही वजने बाहेर फाकतात, त्यांच्या रेट्याने एक खिटी वर सरकते आणि ती बाहेरच्या दांडीमार्फत कार्ब्युरेटरचे दार बंद करू लागते. हा सगळा मामला एका स्प्रिंगच्या विरोधात तोलून धरलेला असतो. क्रँकपेटीचे झाकण उघडून हे चाक काढून टाकायला तासाभराचा अवधी पुरतो, आणि मग इंजिन मोकळेपणी पाच-सहा हजार फेऱ्यांपर्यंत चढते. परंतु फिरणाऱ्या आणि खालीवर होणाऱ्या भागांवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ३,६००वरून ६,०००वर गेले तर तो पावणेतीनपट होतो, आणि कारखान्याने ते भाग ३,६०० फेऱ्यांचा विचार करून बनवलेले असतात. व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगा मऊ असल्याने व्हॉल्व्ह कॅमच्या, म्हणजे त्यांना उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या, मागोमाग खाली बसू शकत नाहीत आणि इंजिन आपोआप अडखळू लागते. अनेकदा हाच त्याचा शेवटचा बचाव असतो, पण नेमक्या त्याच स्प्रिंगा लोक सर्वांत आधी बदलून कडक करतात. पिस्टनला क्रँकशी जोडणारा ओतीव ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड तुटला तर तो क्रँकपेटीला भोक पाडून बाहेर येतो. त्याहून भयंकर गोष्ट फ्लायव्हीलची. इंजिनाच्या एका बाजूला फिरणारे हे जड ओतीव चाक प्रज्वलनासाठी लागणारे चुंबक वाहते आणि पंख्याचेही काम करते. त्याला तडा गेला तर त्याचे तुकडे पत्र्याचे आवरण फोडून उडतात, आणि मिनी बाइकवर ते चाक स्वाराच्या मांडीपासून वीतभर अंतरावर असते.

म्हणून जाणकार कारागीर गव्हर्नर काढण्याच्या आधी अखंड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कातलेले फ्लायव्हील आणि तसाच कातलेला रॉड बसवतात. हे दोन भाग मिळून कधीकधी मूळ इंजिनापेक्षा महाग पडतात, कारण ते अख्खे इंजिनच शंभर-दोनशे डॉलरांत मिळते. पैशाचा हा उलटा हिशोब पाहून बरेच जण फ्लायव्हील पुढच्या महिन्यावर ढकलतात आणि गाडी मात्र त्याच संध्याकाळी पळवतात. इंजिन फोडून बघण्याच्या हौसेला कोणी नावे ठेवू नयेत, ती यंत्र शिकण्याची सर्वांत जुनी शाळा आहे. पण जुने फ्लायव्हील ठेवून गव्हर्नर काढणे ही हौस नसून हयगय आहे, आणि तिची झळ गाडी चालवणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला बसते.

हवा आत घेण्याचा आणि धूर बाहेर सोडण्याचा मार्ग मोकळा करणे, म्हणजे कागदी गाळणीच्या डब्याऐवजी उघडी गाळणी आणि अरुंद सायलेन्सरऐवजी लांब नळी बसवणे, हे या कामातील सौम्य पाऊल आहे. आत अधिक हवा येऊ लागली की पेट्रोलचे प्रमाण कमी पडते, मिश्रण पातळ होते, ज्वलन तापते आणि पिस्टन व व्हॉल्व्ह भाजू लागतात, त्यामुळे कार्ब्युरेटरमधील जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी खुंटी, मोठ्या मापाची घालावी लागते. स्पार्क प्लगचा रंग पाहून मिश्रण ओळखण्याची जी रीत आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांना तोंडपाठ आहे, तीच तेथेही वापरली जाते: पांढरट प्लग पातळ मिश्रणाचा, काळा काजळलेला जाड मिश्रणाचा आणि तपकिरी योग्य मिश्रणाचा.

इंजिनाइतकाच विचार इंजिन आणि चेन यांच्यामधल्या जोडणीचा करावा लागतो. साध्या मिनी बाइकवर केंद्रोत्सारी क्लच असतो. त्यातील ब्रेक शूसारखे तुकडे शाफ्टबरोबर फिरतात आणि दोन हजार फेऱ्यांच्या आसपास बाहेर फाकून भोवतालच्या डब्याला पकडतात. वेगासाठी प्रमाण पाचास एक किंवा त्याहून खाली आणले की सुटताना इंजिनावर भार वाढतो, क्लच पूर्ण पकड घेण्यापूर्वी बराच वेळ घसरत राहतो, तापून निळा पडतो आणि एका उन्हाळ्यात संपतो. हा पेच सोडवण्यासाठी टॉर्क कन्व्हर्टर नावाची पट्ट्याची जोडणी वापरतात. टॉर्क म्हणजे शाफ्टला पिळून फिरवणारा जोर. या जोडणीत दोन पुल्या असतात आणि प्रत्येक पुली दोन तिरक्या थाळ्यांची असते. फेरे वाढले की पुढच्या पुलीच्या थाळ्या जवळ येऊन पट्ट्याला वर चढवतात आणि मागच्या पुलीच्या थाळ्या दूर जाऊन त्याला खाली बसू देतात. अशा रीतीने सुटताना अडीच पटीच्या आसपास मिळणारा जोर वेगाबरोबर आपोआप कमी होत जातो आणि शेवटी पुल्यांचे प्रमाण एकास एकच्या जवळ येते. महाराष्ट्रातील वाचकांना हे तत्त्व १९८४ सालापासून ठाऊक आहे, कारण पुण्याच्या कायनेटिक कंपनीने होंडाच्या सहकार्याने आणलेली कायनेटिक होंडा याच पट्ट्यावर बिनगिअरची चालत होती आणि आजची पेट्रोलवरची प्रत्येक ॲक्टिव्हा त्यावरच चालते. मिनी बाइकवर ही जोडणी बसली की सुटण्याची ताकद आणि पुढचा वेग या दोहोंसाठी एकच स्प्रॉकेट पुरते. इंजिन मोठे करण्याच्या आधी हा पट्टा बसवावा, असा सल्ला या क्षेत्रात मुरलेले लोक देतात आणि तो सर्वस्वी योग्य आहे.

ताशी ८० किलोमीटरचे ध्येय ठेवणारा माणूस दुसऱ्या वाटेने जातो. प्रीडेटर ४२० हे ९० मिमी बोअर आणि ६६ मिमी स्ट्रोकचे इंजिन ३,६०० फेऱ्यांच्या मर्यादेतच १३ अश्वशक्ती देते असे विक्रेता सांगतो. म्हणजे १९ इंची टायर आणि चारास एक प्रमाण धरले तर गव्हर्नरला हातही न लावता ८०चा वेग गाठता येतो, आणि यांत्रिक दृष्टीने ही वाट पहिलीपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. अडचण इंजिनाच्या देहाची आहे. जीएक्स २०० सोळा किलोचे, तर त्याच मालिकेतील ३८९ सीसीचे जीएक्स ३९० एकतीस किलोंहून अधिक भरते. मोठ्या इंजिनाचा शाफ्ट एक इंचाचा असल्याने जुना क्लच किंवा पट्ट्याची पुली चालत नाही. बोल्टांची भोके जुळत नाहीत. उंच सिलिंडर पेट्रोलच्या टाकीला किंवा चौकटीच्या वरच्या नळीला भिडतो. मग चौकट कापून लांब केली जाते, खाली जाड पत्रा वेल्ड केला जातो आणि दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आणण्यासाठी कधी मध्ये आणखी एक शाफ्ट, म्हणजे जॅकशाफ्ट, टाकावा लागतो. चेनची रेषा चार-पाच मिलिमीटरने चुकली तरी वेगात चेन उतरू शकते आणि मागचे चाक जागच्या जागी अडकू शकते. पातळ नळीवर घाईने केलेले वेल्डिंग भाराखाली हळूहळू तडकते, आणि तो तडा रंगाच्या आड महिनोन् महिने दिसत नाही.

या दोन वाटांखेरीज जपानी परंपरेत एक तिसरी वाट आहे. होंडाने १९६१मध्ये टोकियोजवळच्या टामा टेक या करमणूक उद्यानासाठी झेड १०० ही ४९ सीसीची चिमुकली गाडी बनवली, तिच्यातून पुढे मंकी ही सुप्रसिद्ध मालिका निघाली आणि १९६९पासून तिची थोरली बहीण सीटी ७० अमेरिकेत प्रचंड खपली. या गाड्यांत सुपर कब कुटुंबातील, जवळजवळ आडव्या सिलिंडरचे आणि गिअरपेटीसह बनलेले इंजिन असते. त्याच्या बोल्टांची जागा अनेक दशके जवळपास तशीच राहिल्याने चीनमधील लिफानसारख्या कंपन्यांची ११०, १२५ किंवा १४० सीसीची इंजिने त्या चौकटीत फारशी तोडफोड न करता बसतात. पुढे झुकलेल्या सिलिंडरचे ९७ सीसीचे तेच घराणे भारतात १९८५च्या हिरो होंडा सीडी १००पासून स्प्लेंडरपर्यंत गावोगाव पोहोचलेले आहे. गिअर असल्यामुळे या गाड्यांत सुटण्याचे आणि पळण्याचे प्रमाण वेगळे ठेवता येते आणि मूळ इंजिनच जास्त फेऱ्यांसाठी घडवलेले असल्याने फ्लायव्हील फुटण्याची धास्ती राहत नाही. वेग हेच मुख्य उद्दिष्ट असेल तर पंपाच्या इंजिनाला दौडवण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा आहे. त्याला किंमत अधिक पडते, पण त्या किमतीत मोटरसायकलीसाठी जन्मलेले इंजिन मिळते.

वाट कोणतीही घेतली तरी थांबण्याचा प्रश्न शेवटी ब्रेकपाशी येतो. जुन्या मिनी बाइकांवर टायरवर दाबल्या जाणाऱ्या पत्र्याचा किंवा डब्याभोवती आवळल्या जाणाऱ्या पट्टीचा एकच, तोही मागचा, ब्रेक असे. थांबताना गाडीचे वजन पुढच्या चाकावर सरकते, म्हणून मागचे चाक लवकर घसरते आणि पुढच्या ब्रेकशिवाय थांबण्याचे अंतर कमी होत नाही. स्वारासह १४० किलोची गाडी ताशी ३५वरून थांबवताना ब्रेकला साडेसहा किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. ८०वरून थांबवताना ती साडेचौतीस किलोज्यूल, म्हणजे पाचपटीहून अधिक होते, आणि तेवढी उष्णता पट्टीच्या ब्रेकला सहन होत नाही. पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, बेअरिंगचे चांगले हब आणि वेगाची क्षमता छापलेले टायर हे तीन भाग इंजिनाच्या आधी विकत घ्यायला हवेत. लहान चाक खड्ड्यात मोठ्या चाकापेक्षा खोल जाते आणि चाकांमधले अंतर कमी असल्याने हँडल वेगात थरथरू लागते; हे दोन दोष कोणत्याही सुट्या भागाने पूर्ण जात नाहीत, म्हणून ताशी ८०च्या पुढचा आग्रह लहान चाकांवर धरू नये.

कायद्याची बाजूही येथे मोजावी लागते. अमेरिकेत या गाड्या बहुधा सार्वजनिक रस्त्यासाठी नसतात, त्या खाजगी जागेत किंवा राखीव पायवाटांवर चालवायच्या असतात, आणि प्रदूषणासाठी प्रमाणित केलेल्या इंजिनात फेरफार करण्यावर तेथील संघीय कायद्याची बंधने आहेत. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ही मनाई ठामपणे उचलून धरली. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यामुळे नाशिक-कोल्हापूरच्या एखाद्या कुशल वेल्डरने पॉवर वीडरच्या इंजिनावर मिनी बाइक उभी केली तरी ती शेताच्या बांधाआत किंवा बंदिस्त मैदानातच चालवता येईल. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी मात्र तेवढी जागा पुरेशी आहे, कारण सहास एकचे पाचास एक केल्यावर स्पीडोमीटरचा काटा कोठे थांबतो आणि का थांबतो, हे त्यांना तेथे स्वतः मोजून पाहता येते.